बहाणा आधी लिहून द्या

खोली बघायला आला तेव्हा त्याने नळ सोडून पाहिला नाही, पंखा लावून पाहिला नाही. भिंतींचे फोटो काढले. चारही भिंतींचे, एक छताचा आणि एक दाराच्या कडीचा. मग बाहेर ओट्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "मावशी, खोली सोडताना माझं डिपॉझिट तुमी परत न्हाई दिलं, तर मला काय सांगाल?"

मी म्हटलं, "अजून दिलं न्हाईस, आन परत काहून मागतो?"

"मागत न्हाई. इचारून राहिलो. द्यायचं मनात नसलं तर काय कारण सांगाल?"

मला राग आला. वसमतला माझ्या तीन खोल्या आहेत. कितीतरी भाडेकरू आले नि गेले, असं कोणी विचारलं नव्हतं. पण राग आला की माझ्या तोंडून खरं निघतं. म्हटलं, "भिंतीचा रंग खराब केलास म्हनून सांगीन. समद्यांना तेच सांगते."

त्याने पिशवीतून वहीचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "तेवढं तुमच्या हातानं लिहा. खाली सही करा."

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, आणि कशावर सही करते ते वाचताही येतं. लिहून दिलं. तो साडेतीन वर्षं राहिला. गेला त्या दिवशी मी भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही, पैसे हातात ठेवले. एकदा लिहून दिलेला बहाणा परत तोंडातून काढायला लाज वाटते, आणि नवा शोधायला मला कंटाळा आला.

हीच त्याची युक्ती होती. माझ्यावर केली तशी तो सगळ्यांवर करायचा.

धंदा वेबसाइट बनवायचा. म्हणजे कोणी फोनवर एखाद्या दुकानाचं नाव टाकलं की दुकान दिसावं, माल दिसावा, भाव, पत्ता दिसावा, घरी बसून मागवताही यावं, असं ते काम. कोणाच्या पगारावर नव्हता. येईल ते काम घ्यायचं, करून द्यायचं आणि आपले पैसे घ्यायचे. चाळिशीचा होता. मूळचा जवळा बाजारकडच्या एका तांड्यातला. बायको तिथेच अंगणवाडीत, दोन लेकरंही तिथेच. तांड्यावर इंटरनेट धड येत नव्हतं, म्हणून हा आठवडाभर माझ्याकडे राहायचा आणि शनिवारी घरी जायचा.

त्याआधी पुण्यात होता. तिथे एकाने चार महिने काम करून घेतलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. त्या माणसाला शिव्या देताना मी याला कधी ऐकलं नाही. एवढंच म्हणायचा, "तो माझा मास्तर व्हता मावशी. फी जरा जास्त घेतली त्यानं."

राहणी बघाल तर वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली लुंगी. गिऱ्हाइकाला फोनवर तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत, असं म्हणायचा. माझी जुनी शिलाई मशीन परसात पडून होती. वरचं यंत्र मोडलं होतं, खालचा सांगाडा आणि पायडल धड होतं. त्याने ते मागून घेतलं, वर फळी ठोकली आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. काम करताना पायाने रिकामं पायडल मारत राहायचा. खट खट, खट खट. डोकं चाललं की पाय हळू, डोकं अडलं की पाय जोरात. शेजारची बाई मला विचारायची, "तुमचा भाडेकरू कपडे शिवतो का वो?" मी सांगायचे, शिवतो, पण घालता येत नाहीत असे.

गिऱ्हाईक कोणीही असो, डॉक्टर असो नाहीतर बी-बियाणांचा दुकानदार, आधी माझ्या ओट्यावर बसायचं. त्याने तीन गोष्टी विचारायच्या. पैसे कोण देणार? कधी देणार? आणि नाही दिले तर काय सांगणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं लोक छाती काढून देत. तिसऱ्याला हसत. हा हसत नसे. कागद पुढे करून गप्प बसायचा. मग गिऱ्हाईक मजा म्हणून लिहायचं. कोणी लिहिलं, भागीदार गावाला गेला. कोणी लिहिलं, बँकेचा सर्व्हर बंद आहे. एकाने लिहिलं, वेबसाइटचा निळा रंग बायकोला आवडला नाही. हे सगळे कागद तो एका फाइलीत लावून ठेवायचा.

मी एकदा विचारलं, "ह्यानं पैसे येतात व्हय?"

"बहाण्यानं न्हाई येत मावशी. बहाणा गेला की मानूस उघडा पडतो, मग पैसे देतो. नवा बहाणा शोधायला बी मेहनत लागते. पैसे देनं त्याच्यापेक्षा सोपं असतं."

नुसत्या कागदावर मात्र तो विसंबून नसे. अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. साइट तयार झाली की गिऱ्हाइकाला दाखवायचा, पण तिच्यावर आडवा पट्टा असायचा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'नमुना'. बाकीचे पैसे आले की पट्टा निघायचा आणि साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या.

ते मला लगेच कळलं. मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. उधारीवाली बाई दारात आली की मी ब्लाउज दाखवायचे, अंगाला लावून बघू द्यायचे, पण हूक लावायचे नाही. बिनहुकाचा ब्लाउज घालून कुठल्या लग्नाला जाशील? पैसे ठेव, पाच मिनिटं बस, हूक लावून देते. हे त्याला सांगितलं तर तो पायडल थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, हे मला पुण्यात कळायला तीन वर्षं लागली वो." मग त्याने त्याच्या आजाचं सांगितलं. ते लोक बैलांवर धान्य-मीठ लादून गावोगाव न्यायचे. आजा म्हणायचा, बैलाची पाठ मोकळी करायच्या आधी पैसे मोजून घ्यायचे. एकदा गोणी खाली उतरली की घेणाऱ्याला ती आपलीच वाटायला लागते.

त्याच्या फाइलीतला एक कागद वसमतमध्ये फार गाजला. शिकवणीचे वर्ग चालवणारा एक मास्तर होता. त्याने थट्टेत लिहिलं, 'सासू वारली असे सांगेन.' साइट झाली, निम्मे पैसे बाकी राहिले, आणि त्याची सासू खरंच वारली. आता मास्तराला तोंड उघडता येईना. खरं सांगितलं तरी खोटं ठरणार. सासूला मुलगा नव्हता, सगळे विधी जावयानेच केले. दहाव्याच्या दिवशी मुंडण केलेल्या डोक्यानं तो मास्तर माझ्या ओट्यावर आला आणि सगळे पैसे ठेवून गेला. माझा भाडेकरू "राहू द्या सर, महिनाभर थांबतो," म्हणत होता. मास्तर हात जोडून म्हणाला, "नको बाबा. तेवढा कागद फाड."

कागद फाडला. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन तासभर बसून आला. लुंगी सोडून पॅंट घातलेलं मी त्याला बघितलं ते त्या दिवशी.

एक दातांचा डॉक्टर म्हणाला, "माझी साइट फुकट करून द्या, माझ्यामुळं तुमचं नाव होईल." याने जबडा उघडून दाखवला. "डॉक्टरसाब, ही दाढ लई दिवस दुखून राहिली. फुकट काढा. गावभर तुमचं नाव करतो." डॉक्टर उठून गेला. दाढ शेवटी नांदेडला जाऊन काढली, पैसे देऊन.

आता मी जे केलं ते सांगते.

माझा भाऊ कुरुंद्याला असतो, माझ्याहून धाकटा. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हळद दळून पाकिटं विकतो. माल चांगला आहे, त्यात खोट नाही. तो एक दिवस आला आणि म्हणाला, "आत्या, तुझ्याकडं वेबसाइटवाला ऱ्हातो ना? मला बी करायची हाय. पुण्या-मुंबईला पाकिटं जायला पायजेत."

मीच त्याला खोलीत घेऊन गेले. काम ठरलं, चाळीस हजार ठरले. "अर्धे आधी," भाडेकरू म्हणाला आणि कागद काढायला लागला. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "अरे, माझ्या भावाचं लेकरू हाय ते. त्याच्याकडून कागद लिहून घेतोस? माझ्या शब्दावर कर."

पायडल थांबलं. "तुमच्या शब्दावर?"

"व्हय. माझ्या."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बराबर. मग कागद तुमी लिहा."

भाचा हसला. मी हट्टाने बसले. वरचा मजकूर त्याने लिहिला, की हमी माझी, आणि पैसे आले नाहीत तर तीन दिवसांची नोटीस देऊन साइट बंद करायची की नाही ते फक्त मी सांगायचं. तो आपल्या मनाने हात लावणार नाही. खाली बहाण्यासाठी एक ओळ रिकामी सोडली. मी त्यात लिहिलं, 'भावाचे लेकरू आहे, जाऊ दे.' त्याने वाचलं. "मावशी, असा भारी बहाणा माझ्या फाइलीत एक बी न्हाई," म्हणाला, आणि कागद लावून टाकला.

आगाऊ म्हणून भाच्याने हळदीची दोन पाकिटं दिली.

महिनाभर खट खट चालू होती. साइट झाली. मला दाखवली, पिवळीधमक, पाकिटं अशी की हात लावावा. वर आडवा 'नमुना'. भाचा धावत आला. शनिवारी नव्या चक्कीचं उद्घाटन होतं, मोठी माणसं येणार होती, त्यांना साइट दाखवायची होती. "आत्या, पट्टा काढायला सांग. सोमवारी समदे पैसे टाकतो."

मी सांगितलं. भाडेकरू म्हणाला, "तुमच्या तोंडानं सांगा, काढ म्हनून."

"काढ."

त्याने काढला. किल्ल्या मात्र स्वतःकडेच ठेवल्या. उद्घाटन झोकात झालं. नागपूरहून, पुण्याहून पाकिटं मागवायला लागले लोक. सोमवार आला आणि गेला.

पुढचा सोमवार आला. सकाळी तो नळावर बादली भरताना म्हणाला, "मावशी, आज सोमवार हाय." दुसरं काही नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. मी भाच्याला फोन करायचे. कधी हळदीचा भाव पडलेला, कधी मोठी रक्कम अडकलेली. दोन महिने गेले. भाडेकरू एक तारखेला भाडं देत होता आणि दर सोमवारी मला वार सांगत होता. मला त्या वाराचा वीट आला.

मग एका बाजाराच्या दिवशी त्याची बायको आली. त्याला डबा द्यायला आली होती, तो बाहेर गेला होता, म्हणून माझ्याकडे बसली. मी चहा केला. ती सांगत होती, मोठ्या मुलीला नांदेडला नर्सिंगला जागा लागली. हॉस्टेलचे पैसे महिनाअखेर भरले नाहीत तर जागा जाते. "ह्यांचे एका ठिकानी अडकलेत म्हनत्यात. येतील म्हनत्यात."

"कुनाकडं अडकलेत?"

"सांगत न्हाईत वो आई. म्हनतात, मानूस चांगला हाय."

मी कप उचलून आत गेले.

संध्याकाळी भाडेकरू परतून आपल्या खोलीत बसला, तेव्हा मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, तुला काहून तकलीफ? मी आन तो बघतो." मी आवाज चढवला तर फोन भावाने घेतला. "आक्का, परक्या मानसापायी घरच्या लेकराला तोंडावर पाडतीस? भाऊबीजेला यायचं हाय ना तुला?"

हे तो मुद्दाम बोलला. मला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. मला सणाला बोलावणारं घर एकच, ते भावाचं. ते गेलं तर मागे कोणी नाही. हे भावालाही माहीत होतं आणि मलाही.

मी उठून भाडेकरूच्या खोलीत गेले. "माझा कागद काढ."

त्याने काढून दिला. माझंच अक्षर. भावाचे लेकरू आहे, जाऊ दे. दोन महिने मी तोंडाने न बोलता तेच करत होते.

"बंद कर," मी म्हटलं.

त्याने पाय पायडलवरून खाली घेतले. भिंती पातळ आहेत, फोन त्याने ऐकला होता. "मावशी, दिवाळी तोंडावर हाय. राहू द्या. पोरीचं मी कुठूनबी बघीन."

"हमी माझी हाय का तुझी?"

"तुमची."

"मग बंद कर."

तरी लगेच बंद केली नाही. कागदात तीन दिवसांची नोटीस लिहिलेली होती. ती काढली, माझी सही घेतली, भाच्याला फोनवर पाठवली. भाच्याने उत्तर दिलं नाही. तीन दिवस मला जेवण गेलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवले. पण मन थाऱ्यावर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो म्हणाला, "साइटवर काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, हळद चांगली आहे, मालक लबाड आहे."

"तसं लिहीत न्हाई मी."

"काहून? खरं हाय की."

"पैसे आपले हायेत. इज्जत त्याची हाय." त्याने लिहिलं, 'सध्या बंद आहे.' एवढंच. आणि बटण दाबलं.

दुपारी एकला भाचा गाडी घेऊन आला. अंगणातूनच ओरडत आला. "आत्या, नागपूरची ऑर्डर अडकली! दिवाळीचा माल हाय!" मग भाडेकरूच्या दाराकडे वळला. "ए, तुला वसमतमधी ऱ्हायचं हाय का न्हाई?"

भाडेकरू दारात आला. इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. शांतपणे म्हणाला, "ऱ्हायचं हाय साहेब. भाडं भरलेलं हाय."

शेजारची बाई कुडावरून बघत होती. मी तिला आत जा म्हटलं. भाचा माझ्याकडे आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "आत्या, मी तुझ्या भावाचं लेकरू हाय गं..."

मी कागद त्याच्या हातात दिला. "ते मी आधीच लिहून दिलंय. दुसरं काही असंल तर बोल."

त्याने वाचलं. परत वाचलं. दुसरं काही सुचलं असतं तर बोलला असता, तो बोलण्यात कमी नाही. पण नाही सुचलं. खिशातून फोन काढला आणि बोटं मारायला लागला. इकडे भाडेकरूचा फोन वाजला. त्याने चष्मा लावून आकडा वाचला, मान हलवली आणि आत गेला. खट खट, खट खट. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "चालू झाली. किल्ल्या तुमच्या फोनवर पाठवल्यात. आन साहेब, पुढच्या वर्षीचा साइटचा खर्च आगाऊ भरावा लागतो. आता भरता का दिवाळीनंतर?"

भाचा काय म्हणाला ते मी लिहीत नाही. गाडी वळवताना माझ्या तुळशीची कुंडी फोडून गेला.

मुलीचे पैसे वेळेत भरले. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. भाडेकरूने पुढे हिंगोलीत जागा घेतली, हाताखाली दोन मुली ठेवल्या, आणि माझी खोली सोडली. पायडल घेऊन गेला, मागून आणि पैसे देऊन.

पण कुंडी फुटली त्या दिवाळीत मला भावाचा फोन आला नाही. पाडव्यापर्यंत वाट बघितली. भाडेकरू घरी निघाला होता, पिशवी भरून ओट्यापाशी आला. "मावशी, उद्या भाऊबीज. जाताय ना?"

"बोलावलं न्हाई."

"शब्दावर काम घ्यायचं न्हाई हा माझा नेम. मी मोडला, चूक माझी. तुमी काहून घरी बसता?" पिशवी खांद्याला अडकवत म्हणाला, "पैसे आले, हिशोब संपला. भाऊ त्या हिशोबात नव्हता."

माझ्या वयाला एसटीला तिकीट लागत नाही. म्हणजे न जायला तेही कारण नव्हतं. गेले. मला दारात बघून वहिनी गोंधळली. भाऊ मात्र अंघोळ करून पाटावर येऊन बसला. मी ओवाळलं. त्याने ताटात पाचशेची नोट टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरानं पैसे देऊन टाकले. तिकडं वसमतमधी लोकांना सांग. काय काय बोलत असतील."

"लोकांना काय सांगू? बुडवले हेच मी कुनाला सांगितलं न्हाई."

त्याने वर बघितलं. "कुनालाच न्हाई?"

"न्हाई. आन त्यानं बी न्हाई. साइटवर नुसतं बंद हाय म्हनून लिहिलं व्हतं. मी वेगळं सांगितलं व्हतं, त्यानं ऐकलं न्हाई."

"काय सांगितलं व्हतं तू?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, भाच्याच्या देखत. भाचा मान खाली घालून बसला. भावाच्या मिशा हलल्या, मग पोट हलायला लागलं, आणि मग तो खोकला येईपर्यंत हसला. डोळे पुसत आत वळून ओरडला, "अगं, आक्काचं ताट वाढ. किती येळ बसवून ठेवतीस?"

संध्याकाळी निघताना भाच्याने एक डबा हातात दिला. म्हणाला, "तुझ्या त्या मानसाला दे." आणि आत निघून गेला.

सोमवारी भाडेकरू तांड्यावरून आला, तेव्हा मी डबा त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. त्याने उघडला. सहा करंज्या.

"कुनी दिल्या?"

"भाच्यानं."

"कशाबद्दल?"

"दिवाळीबद्दल," मी म्हटलं. "खा गुमान."

त्याने खाल्ल्या. सहाच्या सहा.